एसएटीचं इंग्रजी व्याकरण: आधी पर्याय वाचा, मग क्रियापदं मोजा

'द डेक्कन ट्रॅप्स फॉर्म्ड अबाउट 66 मिलियन इयर्स अगो, द लाव्हा कव्हर्ड अ व्हास्ट पार्ट ऑफ वेस्टर्न इंडिया.' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या मुलाला खटकत नाही, आणि ते साहजिक आहे. 'पाऊस थांबला, आम्ही निघालो' हे मराठीत अगदी नेटकं वाक्य. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली तरी मराठीत कोणी चूक काढत नाही. एसएटीत, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेत, मात्र तो स्वल्पविराम हमखास चूक. वर्षभर इंग्रजी पुस्तकं वाचणारी, अस्खलित बोलणारी मुलंही इथे गुण घालवतात, कारण ती उत्तर कानाने ठरवतात. या परीक्षेतले चुकीचे पर्याय कानाला बरे वाटावेत असेच घडवलेले असतात. ते रचनेने ओळखावे लागतात. आणि रचना ओळखायला लागणारं साहित्य, म्हणजे कर्ता, क्रियापद, धातुसाधित, विभक्ती, हे शाळेतल्या मराठी व्याकरणाच्या तासाला तुम्हाला मिळालेलंच आहे.

पुढची इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. सराव करताना ती विरामचिन्हांसकट इंग्रजीत वहीत उतरवून घ्या. हाताने चिन्ह काढलं की ते डोळ्यांत भरतं.

प्रश्न कुठे येतात, किती वेळ द्यायचा

डिजिटल एसएटी भारतासह अमेरिकेबाहेर मार्च 2023 पासून आणि अमेरिकेत मार्च 2024 पासून सुरू झाली. तिच्या रीडिंग अँड रायटिंग विभागात 64 मिनिटांत 54 प्रश्न असतात: 32 मिनिटांचे दोन मॉड्यूल, प्रत्येकी 27 प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला 25 ते 150 शब्दांचा स्वतंत्र उतारा. दोन्ही मॉड्यूल मिळून व्याकरणाचे 11 ते 15 प्रश्न येतात.

मॉड्यूलमधला क्रम ठरलेला असतो. आधी शब्दार्थ आणि उताऱ्याची रचना, मग आकलन, मग व्याकरण, शेवटी जोडशब्दांचे आणि टिपणांवरून वाक्य निवडण्याचे प्रश्न. व्याकरणाचे प्रश्न मॉड्यूलच्या उत्तरार्धात सलग येतात आणि सोप्याकडून अवघडाकडे जातात. म्हणजे त्या गटातला शेवटचा प्रश्न दिसायला सोपा वाटला, तर जरा थांबून पुन्हा बघायला हवं.

सरासरी काढली तर एका प्रश्नाला सुमारे 71 सेकंद मिळतात. व्याकरणाचा प्रश्न तयारी झाल्यावर 30 ते 40 सेकंदांत सुटतो आणि वाचलेली सेकंदं आकलनाच्या प्रश्नांना वापरता येतात. काहींना व्याकरण आधी सोडवून मग पहिल्या प्रश्नाकडे यायला आवडतं. एका मॉड्यूलच्या आत पुढेमागे जाता येतं, म्हणून ते चालतं. मॉड्यूल संपलं की मात्र मागे वळता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पहिलं मॉड्यूल कसं गेलं त्यावर दुसरं सोपं की अवघड ते ठरतं, म्हणून पहिल्या मॉड्यूलमधली निष्काळजी चूक महाग पडते.

पहिली पायरी: उताऱ्याआधी पर्याय

बहुतेक मुलं उतारा वरपासून वाचत येतात आणि रिकाम्या जागेत एकेक पर्याय म्हणून पाहतात. हाच तो कानाचा रस्ता. त्याऐवजी आधी चारही पर्यायांवर नजर टाका आणि त्यांच्यात बदलतंय काय एवढंच विचारा.

शब्द तेच आणि चिन्हं वेगळी असतील, तर प्रश्न वाक्याच्या सीमेचा. क्रियापदाची रूपं बदलत असतील, तर प्रश्न तीनपैकी एका गोष्टीचा: वचन, काळ, किंवा तिथे पूर्ण क्रियापद हवं की धातुसाधित. नामांमागे अपॉस्ट्रॉफी सरकत असेल, तर षष्ठीचा. आणि चारही पर्याय म्हणजे लांबलचक, वेगवेगळ्या कर्त्यांनी सुरू होणारी वाक्यं असतील, तर सुरुवातीचा शब्दसमूह कोणाला लागू होतो याचा. पाच सेकंदांत प्रश्नाची जात कळते आणि वाक्यात काय शोधायचं तेही.

आणखी एक उपयोग. पर्यायांपैकी एकात पूर्णविराम आणि एकात अर्धविराम असेल, बाकी शब्द तेच असतील, तर दोन्ही बाद. दोघांचं काम एकच, दोन पूर्ण वाक्यं वेगळी करणं. उत्तर एकच असू शकतं, म्हणजे ते या दोघांपैकी नाही. क्रियापदांच्या प्रश्नातही असंच: तीन रूपं अनेकवचनी आणि एक एकवचनी दिसलं, तर आधी त्या एकट्या रूपाकडे बघा. पडताळा मात्र घ्याच. कर्ता शोधल्याशिवाय खूण करू नका.

दुसरी पायरी: पूर्ण वाक्य कोणतं?

'गाणारी मुलगी' हे वाक्य नाही, 'मुलगी गाते' हे वाक्य आहे. 'गाणारी' हे धातुसाधित आहे, ते वाक्य पुरं करत नाही. इंग्रजीत हाच फरक 'द गर्ल सिंगिंग' आणि 'द गर्ल सिंग्ज' यांत आहे. आयएनजी लागलेलं एकटं रूप आणि 'टु' लागलेलं रूप वाक्य कधीच पुरं करत नाहीत. एवढं सगळ्यांना जमतं.

गोंधळ होतो तो ईडी लागलेल्या रूपाशी, कारण ते दोन्ही कामं करतं. 'द फार्मर्स कलेक्टेड द सीड्स' यात 'कलेक्टेड' म्हणजे 'गोळा केली': क्रियापद. 'द सीड्स कलेक्टेड बाय द फार्मर्स' यात तेच रूप म्हणजे 'गोळा केलेली': धातुसाधित, वाक्य अजून अपुरं. शंका आली की मनात मराठी करा आणि शेवटी 'केली' येतं की 'केलेली' ते पाहा.

आता एक अवघड नमुना: 'द स्टेपवेल, बिल्ट बाय अ लोकल चीफ अँड लेटर अबँडन्ड, ___ द व्हिलेज वॉटर अगेन.' पर्याय: गिव्हिंग, टु गिव्ह, हॅविंग गिव्हन, गिव्ह्ज. घाईत वाचणाऱ्याला 'बिल्ट' आणि 'अबँडन्ड' ही क्रियापदं वाटतात, मग तो म्हणतो की वाक्याला क्रियापद मिळालं आणि 'गिव्हिंग' निवडतो. पण ती 'बांधलेली' आणि 'सोडून दिलेली' आहेत. विहिरीने केलं काय, ते अजून सांगायचंच आहे. उत्तर 'गिव्ह्ज'.

उलट नमुना: 'द टीम ड्रेन्ड द वेल, ___ टू ओल्ड इन्स्क्रिप्शन्स.' पर्याय: रिव्हील्ड, दे रिव्हील्ड, रिव्हीलिंग, रिव्हील्ज. इथे 'ड्रेन्ड' हे क्रियापद आधीच आहे आणि रिकाम्या जागेआधी स्वल्पविराम आहे, 'अँड' नाही. दुसरं क्रियापद तिथे बसत नाही. उत्तर 'रिव्हीलिंग'.

तेव्हा नियम असा: वाक्यातली खरी क्रियापदं मोजा. एकही नसेल तर रिकाम्या जागेत क्रियापद हवं. आहे आणि जोडणारा शब्द नाही, तर धातुसाधित हवं. 'ऑल्दो', 'बिकॉज', 'व्हाइल', 'व्हेन', 'इफ', 'व्हिच', 'हू' यांच्यामागे आलेलं क्रियापद मोजणीत धरू नका. ते गौण वाक्याचं आहे, मुख्य वाक्याला त्याचा उपयोग नाही.

तिसरी पायरी: दोन वाक्यांमधलं चिन्ह

दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य असेल तर चालतं काय: पूर्णविराम, अर्धविराम, किंवा स्वल्पविराम आणि त्यानंतर 'अँड', 'बट', 'सो', 'ऑर', 'यट', 'फॉर', 'नॉर' यांपैकी एक. दुसरं वाक्य पहिल्याचा खुलासा करत असेल तर अपूर्णविराम किंवा डॅशही चालतो. नुसता स्वल्पविराम चालत नाही आणि काहीच न घालणंही चालत नाही. सुरुवातीच्या डेक्कन ट्रॅप्सच्या वाक्यात 'अगो' नंतर अर्धविराम घातला की ते दुरुस्त होतं.

अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य लागतंच. अपवाद फक्त एक: यादीतल्या घटकांत स्वतःचेच स्वल्पविराम असतील तर घटक अर्धविरामाने वेगळे करतात. 'पुणे, महाराष्ट्र; पणजी, गोवा; अँड इंदोर, मध्य प्रदेश' अशी यादी. त्यात एक अर्धविराम दिसला की सगळे घटक अर्धविरामानेच तोडायचे, शेवटच्या 'अँड' आधीसुद्धा.

अपूर्णविरामाचं गणित फक्त डाव्या बाजूला आहे. त्याच्याआधी पूर्ण वाक्य हवं. नंतर यादी, एक शब्द, वाक्य, काहीही चालतं. 'थ्री क्रॉप्स डॉमिनेट द रीजन: कॉटन, सोयाबीन, अँड तूर' बरोबर. 'द मेन क्रॉप्स आर: कॉटन, सोयाबीन, अँड तूर' चूक, कारण 'आर' पाशी वाक्य लोंबकळतं. 'सच ॲज' किंवा 'इन्क्लूडिंग' नंतर अपूर्णविराम असलेला पर्याय याच कारणाने काढून टाका.

'हाउएव्हर' कुणाचा?

वाक्यसीमेच्या प्रश्नांतला सर्वांत फसवा प्रकार हा, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घालवू. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर', 'इन्स्टेड', 'देन' ही क्रियाविशेषणं आहेत. अर्थाने ती 'पण' आणि 'म्हणून' च्या जवळची असली तरी दोन वाक्यं जोडण्याची ताकद त्यांच्यात नाही.

'लोणार लेक वॉज वन्स थॉट टु बी व्होल्कॅनिक ___ जिऑलॉजिस्ट्स नाउ नो दॅट अ मीटिओराइट मेड द क्रेटर.' पर्याय असे: दोन्हीकडे स्वल्पविराम असलेला 'हाउएव्हर', आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम, आधी स्वल्पविराम आणि नंतर अर्धविराम, आधी काही नाही, नंतर स्वल्पविराम.

डावीकडे पूर्ण वाक्य, उजवीकडे पूर्ण वाक्य. त्यामुळे अर्धविराम नसलेले दोन पर्याय लगेच गेले. उरले दोन, आणि दोन्ही व्याकरणात बसतात! इथे अर्थ पाहावा लागतो. विरोध कोणत्या दोन गोष्टींत आहे? पूर्वी ज्वालामुखी समजत होते, आता उल्का माहीत आहे. विरोध डाव्या आणि उजव्या वाक्यात आहे, म्हणून 'हाउएव्हर' उजव्या वाक्याचा: आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम.

आता हे बघा: 'मेनी व्हिजिटर्स असम दॅट लोणार इज ॲन ओल्ड व्होल्कॅनो. द क्रेटर इज नॉट व्होल्कॅनिक ___ अ मीटिओराइट मेड इट.' पर्याय तेच. पण या वेळी 'ज्वालामुखी नाही' आणि 'उल्केने केलं' यांत विरोध नाही. दुसरं वाक्य पहिल्याचं कारणच सांगतंय. विरोध आहे तो त्याच्याही आधीच्या वाक्याशी, म्हणजे पर्यटकांच्या समजुतीशी. त्यामुळे 'हाउएव्हर' डाव्या वाक्याच्या शेपटाला जातो: आधी स्वल्पविराम, नंतर अर्धविराम. फक्त रिकाम्या जागेचं वाक्य वाचणारा इथे हमखास फसतो. 'हाउएव्हर' पर्यायांत दिसला की एक वाक्य मागे जायची सवय लावून घ्या.

मध्ये घुसवलेला मजकूर

वाक्याच्या मधोमध आलेली जादा माहिती दोन स्वल्पविरामांत, दोन डॅशांत किंवा कंसांत बसते. उघडताना जे चिन्ह, बंद करताना तेच. 'लोणार लेक, अ सॉल्टी बॉडी ऑफ वॉटर इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट ___ अट्रॅक्ट्स फ्लेमिंगोज' यात 'लेक' नंतर स्वल्पविराम आहे, म्हणून रिकाम्या जागीही स्वल्पविरामच. तिथे डॅश असता तर डॅश. तपासायला सोपं: दोन चिन्हांमधला मजकूर बोटाने झाका. उरलेलं वाक्य धड वाचता आलं पाहिजे.

माणसांच्या नावांपाशी मुलं अडतात. नावाआधी नुसतं पद असेल तर स्वल्पविराम नाही: 'ॲस्ट्रोफिजिसिस्ट जयंत नारळीकर हेल्प्ड शेप…' इथे 'ॲस्ट्रोफिजिसिस्ट' हे नावाला चिकटलेलं विशेषणासारखं पद आहे, मराठीत 'खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर' म्हणतो तसं. पण 'द फाउंडिंग डायरेक्टर ऑफ आयुका, जयंत नारळीकर, हेल्प्ड शेप…' यात वर्णनानेच माणूस नेमका कळतो, कारण संस्थापक संचालक एकच असतो. नाव ही जादा माहिती झाली, म्हणून दोन्हीकडे स्वल्पविराम. नावाच्या एकाच बाजूला स्वल्पविराम असलेला पर्याय या दोन्ही वाक्यांत चूकच.

आणि हे आवर्जून: काहीच चिन्ह नसलेला पर्याय बरोबर असू शकतो. लांब कर्ता आला की दम घ्यायला म्हणून त्याच्यानंतर स्वल्पविराम टाकावासा वाटतो. 'द फार्मर्स हू डेपेंड ऑन द जून रेन्स ___ वॉच द स्काय एव्हरी इव्हनिंग' इथे रिकाम्या जागी काहीही नको. कर्ता आणि क्रियापद यांच्यात एकटा स्वल्पविराम कधीच येत नाही. अवघड प्रश्नांत हे उत्तर मुलं भीतीने टाळतात.

याच कुळातला आणखी एक: 'द म्युझियम होल्ड्स 200 कॉपर प्लेट्स, मेनी ऑफ ___ इन मराठी.' 'देम आर रिटन' घातलं तर दुसरं पूर्ण वाक्य तयार होतं आणि स्वल्पविराम अपुरा पडतो. 'व्हिच आर रिटन' बरोबर, कारण 'व्हिच' ने ते गौण वाक्य झालं. 'देम रिटन' सुद्धा बरोबर, कारण आता त्यात क्रियापदच नाही. 'व्हिच रिटन' चूक. म्हणजे 'व्हिच' ला क्रियापद लागतं आणि 'देम' ला ते चालत नाही. एवढं लक्षात ठेवलं की हा प्रकार कायमचा सुटतो.

कर्ता आणि वचन

मराठीत भूतकाळात क्रियापद अनेकदा कर्माच्या मागे जातं: मुलीने आंबा खाल्ला, मुलीने पोळी खाल्ली. इंग्रजीत क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं. त्यामुळे कर्ता शोधून मधलं सगळं झाकायचं. 'ऑफ', 'इन', 'विथ', 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' यांच्यामागे आलेलं नाम कर्ता नसतं. 'द कलेक्शन ऑफ लेटर्स ___' इथे कर्ता 'कलेक्शन', क्रियापद एकवचनी.

काही जागा मराठीने चटकन समजतात. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'मुलांची संख्या वाढली': एकवचन. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे 'बरीच मुलं आली': अनेकवचन. 'रिपेअरिंग ओल्ड वेल्स' म्हणजे 'जुन्या विहिरी दुरुस्त करणं': विहिरी कितीही असोत, 'करणं' एकच, म्हणून 'रिक्वायर्स'.

कर्ता क्रियापदानंतर येणारी वाक्यं शेवटच्या प्रश्नांत येतात. 'अमंग द रुइन्स ऑफ द फोर्ट ___ अ स्टोन टँक' यात उभं काय आहे? टाकं. 'स्टँड्स'. 'रुइन्स' आणि 'फोर्ट' हे आमिष. 'इच' आणि 'एव्हरी' एकवचनी. 'वन ऑफ द बर्ड्स दॅट ___' मध्ये 'दॅट' हा 'बर्ड्स' ला उद्देशून, म्हणून 'फीड'. पण 'दॅट' नसलेल्या 'वन ऑफ द बर्ड्स ___' मध्ये कर्ता 'वन', म्हणून 'फीड्स'.

सर्वनामांतही हेच वचन. कंपनी, समिती, प्रजाती यांना अमेरिकन इंग्रजीत 'इट' आणि 'इट्स'. बोलताना आपण 'दे' म्हणतो म्हणून तो पर्याय गोड वाटतो.

'येऊन' की 'येताना'?

'घरी येऊन आईने चहा केला.' घरी कोण आलं? आईच. मराठीतलं 'ऊन' प्रत्ययाचं रूप साधारणपणे मुख्य वाक्याच्या कर्त्यालाच बांधलेलं असतं. 'घरी येताना पाऊस लागला' यात मात्र पाऊस घरी येत नव्हता, आपण येत होतो. 'ताना' ला ही मोकळीक आहे. इंग्रजीत ही मोकळीक नाही. वाक्याच्या सुरुवातीला आयएनजी किंवा ईडीचा समूह आला, की स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम हेच त्याचं कर्तेपण घेतं. 'वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड' म्हटलं तर पाऊसच चालत घरी निघतो. इंग्रजी आयएनजी वाचताना मनात नेहमी 'येऊन' धरा, 'येताना' नको.

'आफ्टर स्टडिंग मेडिसिन इन फिलाडेल्फिया, ___' पर्याय: 'आनंदीबाई जोशीज डिग्री वॉज अवॉर्डेड इन 1886', 'द इयर 1886 ब्रॉट आनंदीबाई जोशी अ डिग्री', 'आनंदीबाई जोशी रिसीव्ह्ड हर डिग्री इन 1886', 'इट वॉज 1886 व्हेन आनंदीबाई जोशी रिसीव्ह्ड हर डिग्री'. वैद्यक शिकल्या आनंदीबाई. पदवी शिकली नाही, वर्ष शिकलं नाही. उत्तर तिसरं. पहिला पर्याय सर्वांत धोक्याचा, कारण नाव दिसतं आणि डोळा तिथेच थांबतो. षष्ठी लागली की नाव कर्ता राहत नाही, पुढचं नाम कर्ता होतं. या प्रकारात प्रत्येक पर्यायाचा फक्त कर्ता पाहा. शेपूट वाचायची बहुतेक वेळा गरज पडत नाही.

अपॉस्ट्रॉफी: 'चा' लावून पाहा

इंग्रजीत 'फार्मर्स' चे तीन अवतार कानाला सारखेच. मराठीत ते तीन वेगळे शब्द आहेत: शेतकरी, शेतकऱ्याचं, शेतकऱ्यांचं. नुसतं अनेकवचन असेल तर अपॉस्ट्रॉफी नाही. 'शेतकऱ्याचं' असेल तर एसच्या आधी. 'शेतकऱ्यांचं', म्हणजे अनुस्वार आला, तर एसच्या नंतर. 'चिल्ड्रन' सारख्या शब्दात अनेकवचन आधीच झालेलं असतं, म्हणून तिथे एसच्या आधी. प्रश्नात दोन नामं लागोपाठ असतात, 'फार्मर्स फील्ड्स' अशी. दोन्हींना वेगवेगळं विचारा. 'शेतकऱ्यांची शेतं' म्हणजे पहिल्यात एसनंतर, दुसऱ्यात काही नाही.

'इट्स' मध्ये उलटं आहे. अपॉस्ट्रॉफी असेल तर 'इट इज', नसेल तर 'त्याचं'. एसनंतर अपॉस्ट्रॉफी असलेलं 'इट्स' इंग्रजीत अस्तित्वातच नाही, तरी पर्यायांत ठेवतात.

काळ आणि अप्रत्यक्ष प्रश्न

काळाचा प्रश्न आजूबाजूच्या क्रियापदांवरून सुटतो, रिकाम्या जागेकडे टक लावून नाही. उताऱ्यातली इतर क्रियापदं भूतकाळी असतील आणि काळ बदलल्याची खूण नसेल, तर भूतकाळच. 'सिन्स 1990' असेल तर 'हॅव' किंवा 'हॅज' चं रूप. मराठीत 'तो 1990 पासून इथे राहतो' म्हणतो, त्यामुळे 'लिव्ह्ज' बरोबर वाटतं, तसं नाही. 'बाय 1990' सोबत भूतकाळातलीच आधी घडलेली गोष्ट असेल तर 'हॅड'. कथा-कादंबरीत काय घडतं हे सांगताना वर्तमानकाळ.

'तो कुठे गेला?' आणि 'तो कुठे गेला ते कळलं नाही' यांत मराठी शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. 'रिसर्चर्स वंडर्ड ___' नंतर 'हाउ द बीज फाउंड द फ्लॉवर्स' आणि पूर्णविराम; 'हाउ डिड द बीज फाइंड' नाही, प्रश्नचिन्हही नाही.

एसीटी देणार असाल तर

एसीटी ही अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाचीच दुसरी परीक्षा. नियम हेच, मांडणी वेगळी. बदललेल्या एसीटीत इंग्रजीचे 50 प्रश्न 35 मिनिटांत असतात, लांब उताऱ्यांवर. 'नो चेंज' हा पर्याय अनेक प्रश्नांत असतो आणि तो बरोबरही असतो. प्रत्येक ठिकाणी चूक असेलच असं धरून बसू नका. पुनरुक्तीवर तिथे जास्त भर: 'ॲन्युअली एव्हरी इयर' सारखं काही दिसलं आणि चारही पर्याय व्याकरणात बसत असले, तर अर्थ न गमावणारा सर्वांत छोटा पर्याय घ्या.

सराव कसा करायचा

एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपमध्ये पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत आणि त्यांच्या प्रश्नपेढीत विषय निवडून प्रश्न काढता येतात. सराव परीक्षा मोजक्या असतात, त्या सुरुवातीलाच उडवू नका. पहिले दोन आठवडे प्रश्नपेढीतून एका वेळी एकच प्रकार, रोज 15 प्रश्न, घड्याळ न लावता. प्रत्येक प्रश्नाशेजारी दोन शब्दांत कारण लिहा: 'दोन वाक्यं', 'कर्ता कलेक्शन', 'केलेली'. कारण लिहिता आलं नाही आणि उत्तर बरोबर आलं, तर तो प्रश्न चुकलेला धरा. तिसऱ्या आठवड्यात प्रकार मिसळून 10 प्रश्न 6 मिनिटांत. त्यानंतर ब्लूबुकवर पूर्ण परीक्षा, आठवड्याला एक, आणि मध्ये चुकांची वही.

वहीत चार रकाने पुरतात: प्रश्नाचा प्रकार, तुम्ही निवडलेला पर्याय, तो का बरा वाटला, कोणती खूण सुटली. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. 'कानाला बरा वाटला' हे शब्द तिथे पाच वेळा दिसले, तर वेगाचा सराव थांबवा आणि दोन दिवस फक्त क्रियापदं अधोरेखित करायचा सराव करा, पर्याय न बघता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवे प्रश्न कमी करा, वहीतले चुकलेले प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवा, आणि ज्याचं कारण अजूनही दोन शब्दांत सांगता येत नाही त्यावर खूण करून ते शिक्षकांना विचारा.